चेतीबाईच्या हाका

विहिरीत उतरलेल्या माणसाला वरचं आभाळ ताटाएवढं दिसतं. त्या ताटात एका दुपारी मला निळं तोंड दिसलं.

अडुसष्ट सालचा मे महिना होता. नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावापलीकडे रुपरावांची खोल्यांची एक ओळ होती आणि मागे भाडेकरूंसाठी विहीर. मी तिथे नुकताच राहायला आलो होतो. दर उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायचं काम रुपरावांनी मला दिलं होतं. लोकांना वाटतं, गाळ काढणं म्हणजे घमेली भरणं. गाळ पाय धरतो. एक पाय सोडवला की दुसरा रुततो. घमेलं भरायला जेवढा जोर लागतो तेवढाच स्वतःला उपसायला लागतो. म्हणून दर थोड्या वेळाने थांबावं लागतं. न थांबणारा माणूस संध्याकाळी कामाचा राहत नाही.

मी थांबलो होतो. वर पाहिलं तर काठावरून एक बाई वाकली होती. कपाळावर, दोन भुवयांच्या मधे, गालांवर, हनुवटीवर निळे ठिपके आणि रेघा. ती हलक्या आवाजात बोलत होती. भाषा मी कधी ऐकलेली नव्हती. ती माझ्याकडे पाहत नव्हती. माझ्या पायाशी जे थोडं पाणी उरलं होतं त्याच्याकडे पाहत होती, आणि त्या पाण्यात तिचं तोंड माझ्या गुडघ्याजवळ हलत होतं. मी पाय मागे घेतला. वर पाहिलं तोवर काठ रिकामा होता.

"वर कोण होतं गा?" मी मुकुंदला ओरडून विचारलं. मुकुंद माझा दोरावरचा जोडीदार. बरीच वर्षं तो वर आणि मी खाली.

"कोनीच नाही," मुकुंद म्हणाला. त्याचा आवाज झोपेतला होता.

संध्याकाळी शेजारच्या प्रयागबाई अंगणात सुपारी कातरत बसल्या होत्या. त्यांना न सांगताच सगळं कळत असे.

"घाबरला का गा चंपत? ते चेती हाय. शेवटच्या खोलीतली."

"तोंडाले काय झालं तिच्या?"

"काय माहीत बाप्पा. कोनी म्हणते गोंडीण, कोनी म्हणते पठाणीण. गोंदण तर माह्याही कपाळावर हाय, पण असं? देवानं तोंडावर शाई सांडली जशी." त्यांनी सुपारीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. "रोज भर दुपारी विहिरीत वाकून बोलते. मी विचारलं, काहून वं? तर म्हणे, तोंड पाहते. घरात आरसा नाही का, म्हटलं. म्हणे, पोरानं काढून टाकला."

चाळीतल्या बायका बाराच्या सुमाराला विहिरीवर जात नसत. तिने तोंड पाहिलेलं पाणी लेकराला पाजू नये, असं म्हणत. सकाळी भरून ठेवलेलं पाणीच पीत. तिला 'निळी' म्हणत, आणि ती जवळून गेली की बोलणं थांबवत.

दुसऱ्या वर्षी तिच्या खोलीचा उंबरा खचला. तो मी बसवून दिला. उंबऱ्याचा दगड नुसता ठेवून भागत नाही, खालची माती पाण्याने मुरू द्यावी लागते. तीन फेऱ्या कराव्या लागल्या. तिसऱ्या फेरीला तिने मला जाड भाकरीसारखी रोटी दिली आणि दारात बसून बोलली. पुढे जे कळलं ते असंच, दगडामातीच्या कामात, थोडं थोडं.

तिचं गाव आताच्या पाकिस्तानात, क्वेट्याच्या पलीकडे डोंगरात. लोक काकर पठाण. त्यांच्यात थोडी घरं हिंदूंची, चेतीचंही त्यातलंच, पण बोली तीच, कपडे तेच, लग्नातला नाचही तोच. मुलगी लहान असतानाच तिच्या तोंडावर सुईने निळे ठिपके घालत. त्याला ते खाल म्हणत. हिंदू मुलीला शेजारची मुसलमान बाईही खाल घाली, मुसलमान मुलीला हिंदू बाईही घाली. चेतीच्या कपाळावरचा गुलालईने घातला होता, गालांवरचे जरमीनाने आणि देवकीमावशीने, हनुवटीवरचा आईने.

"तिकडे कोणी विचारलं नाही, तू कोण," ती म्हणाली. तिची मराठी हिंदीच्या अंगाने जायची. "फाळणी झाली तेव्हा गाववाल्यांनी बंदुका घेऊन स्टेशनपर्यंत पोचवलं. राजस्थानात उतरलो. पहिल्याच दिवशी बायका म्हणाल्या, ही तर मुसलमान. मी म्हटलं, राम राम. तर एक म्हणते, ऐका, मुसलमान असून राम राम करते!"

ती हसली. हसताना गालांवरचे ठिपके वर सरकत, आणि तोंड एकदम लहान मुलीचं दिसे. नवऱ्याने हिंग आणि सुका मेवा विकत विकत तिला नागपूरला आणलं. तो इथेच वारला. मुलगा चंद्रभान. इतवारीत कापडाच्या दुकानात कामाला होता, पुढे त्याने स्वतःचं दुकान टाकलं. नेटका माणूस. सदऱ्याची घडी मोडू देत नसे.

एकाहत्तरच्या लढाईत एक शिपाई चौकशीला येऊन गेला. शेवटच्या खोलीतली बाई पाकिस्तानी बोलते, असं कोणीतरी कळवलं होतं. चंद्रभानने सांगितलं, आम्ही सिंधी आहोत, आईचं डोकं ठिकाणावर नाही. त्या दिवसापासून तो घरात फक्त हिंदी बोलू लागला. आई आपल्या बोलीत बोलली तर ऐकूच आलं नाही असं करायचा.

मग तिच्या बोलीला विहीरच उरली. मी एकदा विचारलं, "पाण्याशी काय बोलता?"

"पाण्याशी नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे कारेझ असते. डोंगरातून गावापर्यंत जमिनीखालून पाण्याचा पाट, आणि मधे मधे वर विहिरीसारखी तोंडं. लग्न होऊन गेलेली मुलगी सासरच्या गावच्या तोंडातून आईला हाक मारते. आवाज खालून माहेरी जातो. तुझी विहीरही खोल आहे, चंपतभाऊ. पाणी जमिनीखाली सगळीकडे एकच असतं."

मी कितीतरी विहिरी खणल्या. पाणी सगळीकडे एक नसतं, एका शेतात गोड आणि बांधापलीकडे खारं लागतं.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात विहीर आटली. आदल्या पावसाने दगा दिला होता, आजूबाजूच्याही आटल्या होत्या. पण आमच्या विहिरीला कारण सापडलं. निळीच्या नजरेने पाणी गेलं. बायकांनी तिला काठावर यायची बंदी केली. ती टँकरच्या रांगेत उभी राहिली की पुढची आणि मागची बाई दोन हात सरकायची. रुपरावांनी मला बोलावून सांगितलं, "खोल कर गा. पाणी लागलं तर ठीक, नाही तर हे लोकं त्या बाईले इथं राहू देनार नाहीत."

खाली कातळ होता. मी आणि मुकुंद घण, छिन्नी आणि सब्बलीने, म्हणजे जाड लोखंडी पहारेने, उतरत होतो. सुरुंग लावला तर चाळीच्या भिंती गेल्या असत्या. हाताने कातळ फोडताना दगड ऐकावा लागतो. घण एका ठिकाणी ठणठणीत वाजतो, एका ठिकाणी बसका. बसका वाजला तिथे जीव ओतायचा. बाकी ठिकाणी मारलेला घाव फुकट.

आमच्या कामाचा एक नियम आहे. विहिरीच्या बुडाशी हवा खराब होते, आणि माणूस न ओरडता बसल्या जागी जातो. म्हणून आधी कंदील सोडून पाहायचा, विझला तर उतरायचं नाही. आणि वरून कसलीही हाक आली, कोणाचीही, काहीही, तरी खालच्याने लगेच 'हो' म्हणायचं. हाक काय होती याचा विचार करायचा नाही. 'हो' आला नाही तर वरचा दोर ओढतो. हा नियम इतका अंगात मुरला होता की झोपेत कोणी बोललं तरी मी 'हो' म्हणायचो. माझी बायको त्यावरून हसायची.

त्याच दिवसांत चंद्रभान काठावर आला. मी नुकताच वर आलो होतो.

"काका, आई तुमचं ऐकते. जरा समजवा तिला." जरीपटक्यातल्या एका सिंधी घरातली मुलगी त्याला सांगून आली होती. "धंतोलीत एक डॉक्टर आहे. कातडी घासून काढतो. महिनाभर पट्ट्या. निळं जातं."

"आणि मग काय राहते तिथं?"

"लाल डाग राहील. भाजल्यासारखा." त्याने सदऱ्याची बाही सरळ केली. "काका, भाजल्याचा डाग सांगता येतो. स्टोव्ह भडकला म्हणता येतं. हे काय म्हणून सांगू?"

तो दुष्ट नव्हता. शाळेत त्याला 'पठाणा, हिंग दे' म्हणून चिडवलं होतं, आणि वर्गातल्या मुसलमान पोरांनीही आपल्यात घेतलं नव्हतं.

"आई काय म्हणते?"

"म्हणते, विचारून सांगते. कोणाला विचारणार? कोण उरलंय?"

दोन-तीन दिवसांनी, भर दुपारी, सब्बल बोथट झाली म्हणून मुकुंद ती घेऊन लोहाराकडे गेला. मी खालीच थांबलो. जाताना तो म्हणाला, "कोनाले तरी हाक माराले सांगून जातो." सब्बल दोराला बांधून त्याने वर घेतली होती, आणि दोर वरच राहिला होता. वर येणाऱ्याला विहीर रिकामी वाटली असती.

मेच्या शेवटी आमच्याकडे ऊन थेट बुडापर्यंत येतं. तेवढी काही मिनिटं खालची सावली जाते, आपलीसुद्धा. मी छिन्नी टेकवून श्वास घेत होतो. वारा नव्हता. वरच्या जगातून भांडं आपटल्याचा, कुत्र्याचा, कसलाच आवाज येत नव्हता. मग वरून बाईचा आवाज आला. एक शब्द, आणि मागून एक लांब वाक्य, प्रश्नासारखं वर जाऊन थांबलेलं.

मी म्हटलं, "हो."

मान वर केली तर डोळ्यांत नुसतं ऊन. मग पुन्हा हाक, दुसरा शब्द, मागे तेच वाक्य. आवाज आता कापत होता.

"हो."

तिसऱ्यांदा हाक आली. मी "हो" म्हणता म्हणता छिन्नीवर घण घातला, बसक्या आवाजाच्या जागी. दगडाची कपची उडाली आणि बोटभर रुंदीची धार पायावर आली. पाणी. आमच्यात पहिलं पाणी खणणाऱ्याने चाखायचं असतं. मी वाकून ओंजळ तोंडाला लावली. तेवढ्यात चौथी हाक आली. माझ्या तोंडात पाणी होतं. घोट गिळून मी 'हो' म्हणायला मान वर केली, पण वर कोणी नव्हतं.

पाणी गोड होतं. बर्फासारखं गार. वैशाखात मी इतकं गार पाणी कधी चाखलं नव्हतं. माझ्या दातांना कळ लागली.

पाणी लागल्यावर चाळीत नारळ फुटला. त्या गडबडीत मी त्या हाका विसरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी चेतीबाई माझ्या दारात आली. डोक्यावरचा पदर मागे सरकलेला. विहीर आणि तिचा उंबरा सोडला तर इतक्या वर्षांत मी तिला कुठे उघड्या तोंडाने पाहिलं नव्हतं.

"चंपतभाऊ, सोमवारी धंतोलीला जाते," ती म्हणाली. "तिघींनी परवानगी दिली."

"कोणी?"

"ज्यांनी खाल घातले त्यांनी. काल कोणी पाहू नये म्हणून कठड्याआड बसून विहिरीत विचारलं. एकेकीचं नाव घेतलं आणि विचारलं, तू घातलेला खाल पुसू का? गुलालई हो म्हणाली. जरमीना हो म्हणाली. देवकीमावशी हो म्हणाली."

मी म्हटलं, "त्या मराठीत हो म्हणाल्या?"

"आमच्या बोलीतही हो म्हणजे होच. आवाज जाड होता, पण इतक्या लांबून जमिनीखालून येतो ना."

मी तिला बसायला सांगितलं. कामाचा नियम सांगितला. दोर वर होता, मी खाली होतो, हे सांगितलं. "ते हो माझे होते बाई. तुम्ही काय विचारलं ते मला समजलं नव्हतं."

ती माझ्या उंबऱ्याच्या दगडावर हात फिरवत राहिली.

"तिन्ही तुझे?"

"तिन्ही."

"आणि चौथा?"

"चौथ्या हाकेला माझ्या तोंडात पाणी होतं. मी बोललोच नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या तोंडाची मला सवय झाली होती, पण त्या वेळी ते पुन्हा पहिल्या दिवशीसारखं दिसलं, माझ्या गुडघ्याजवळ पाण्यात हललं होतं तसं.

"चौथी माझी आई," ती म्हणाली. "ती आमच्या बोलीत बोलली. मी मनात म्हटलं, तिघी एकीकडे, आई एकटी. आई तर नाहीच म्हणणार."

"काय बोलली?"

"म्हणाली, मग तुला आम्ही ओळखायचं कशावरून?"

मी त्या विहिरीत उभा होतो. माझ्याशिवाय खाली कोणी नव्हतं, आणि मी काही ऐकलं नव्हतं. हे मी तिला सांगितलं. तिने मान हलवली. ऐकू आलं नाही यात तिला नवल वाटलं नाही.

"तुझे तीन गेले," ती म्हणाली. "मग एकच उत्तर उरलं, आईचं."

ती धंतोलीला गेली नाही. चंद्रभानचा आवाज त्या रविवारी सगळ्या चाळीने ऐकला. "मेलेल्यांचं ऐकतेस आणि जिवंत पोराचं नाही!" तिने काय उत्तर दिलं ते कोणाला समजलं नाही, कारण ते तिच्या बोलीत होतं. पण मोठ्या आवाजात होतं.

चंद्रभानचं लग्न झालं. जरीपटक्याच्या सासरच्यांना त्याने सांगितलं की आई वारली. ही गोष्ट मला मुकुंदने आणली, त्याला बँडवाल्यांकडून कळली. मला वाटलं होतं चेतीबाईला हे ठाऊक नसेल. लग्नाच्या दिवशी दुपारी तिच्या खोलीचं दार उघडलं. तिने ट्रंकेतला झगा घातला होता. गळ्यापासून घोट्यापर्यंत भरतकाम, छातीवर बारीक आरसे. आरशांतलं ऊन भिंतींवर, अंगणातल्या कडुलिंबावर, आमच्या तोंडांवर फिरत होतं. ती विहिरीपाशी गेली आणि कठड्याभोवती गोल फिरू लागली. तीन पावलं पुढे, वळून टाळी, पुन्हा पुढे. वाजंत्री नाही, गाणं नाही. फक्त पाय आणि टाळी. लग्नात त्यांच्या बायका असा नाच करतात, हे तिने मला सांगितलं होतं. गोलात जागा सोडून नाचत होती, जशा पुढे-मागे आणखी बायका असाव्यात. वळताना कोणाचा तरी धक्का चुकवावा तशी अंग काढून घेत होती.

सगळी दारं बोटभर उघडी होती. कोणी बाहेर आलं नाही. माझ्या बायकोने आमच्या पोरीचे डोळे झाकले. प्रयागबाई दारात उभ्या राहून हळूच म्हणाल्या, "चंपत, टाळ्या एकीच्याच वाजून राहिल्या का गा?"

मी कान दिला. आणि मग म्हटलं, "एकीच्याच." पण मला खात्री नव्हती. विहीर आवाज परत देते.

चंद्रभान जरीपटक्याला राहायला गेला. कधीमधी अंधार पडताना येऊन दूध, फळं ठेवून जायचा. ती शेवटच्या खोलीतच राहिली. आधी तिने पाणी आटवलं म्हणत होते, आता तिने हाका मारून आणलं म्हणू लागले. जवळ दोन्ही वेळा कोणी गेलं नाही. फक्त प्रयागबाई जाऊ लागल्या. त्यांना गुडघ्याचं दुखणं होतं आणि चेतीबाई हिंगाच्या तेलाने चांगलं चोळून द्यायची. चोळता चोळता दोघी भांडायच्या. "हळू वं निळे, हाड मोडशील!" "मोडलं तर चंपतभाऊ बसवेल." असं चालायचं.

एक्क्याऐंशीच्या थंडीत ती गेली. सकाळी प्रयागबाईंना दार उघडं दिसलं. चंद्रभान आला. रीतीप्रमाणे सगळं केलं, नीट केलं. तिरडी बांधताना त्याने आईच्या तोंडावर कापड ओढलं. त्याच्या सासरचे दोन लोक आले होते. त्यांना दूरची चाची म्हणून सांगितलं होतं.

प्रयागबाई काठी टेकत पुढे आल्या.

"तोंड उघडं ठेव."

"मावशी, राहू द्या ना."

"उघडं ठेव म्हणतो ना! माह्या मायनं सांगितलं, मेल्यावर गोंदणच तेवढं बरोबर येते, बाकी सगळं इथं. तिकडच्या बाया उभ्या असतील. त्यायनं तुह्या मायले ओळखावं कसं?"

चंद्रभानने सासरच्या माणसांकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताने कापड हनुवटीखाली सरकवलं. हनुवटीवरचा ठिपका थंडीने जास्तच निळा दिसत होता. तो त्या ठिपक्याला बोट लावून आपल्या बोलीत काहीतरी बोलला. दहा वर्षांत पहिल्यांदा. सासरच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं, पण खांदा दिला.

पुढच्या मेमध्ये मी नेहमीसारखा गाळ काढायला उतरलो. आता वय झालं होतं, पाय सोडवायला वेळ लागत होता. कंदील आधी सोडला, नीट जळला. दुपार झाली, ऊन बुडाशी आलं. उरलेल्या पाण्यात मला माझं तोंड दिसलं, त्याच्या मागे आभाळाचं ताट. वर मुकुंदचं डोकं आलं.

"हाय का गा?" त्याने हाक दिली.

"हो."

थोडा वेळ गेला. मग मुकुंद वाकून म्हणाला, "दोनदा हो काहून म्हणून राहिला?"

मी एकदाच म्हटलं होतं.